पाणी किती फुटांवर?





आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातले काही जण उद्या पूर आणि दुष्काळाची मॉडेलं चालवतील. म्हणून आपल्या कृष्णा खोऱ्याबद्दल बोलतो. एप्रिल 2016 मध्ये याच खोऱ्यातल्या मिरजेहून दुष्काळी लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये सांगली-कोल्हापूर महापुरात सापडलं. दोन्ही वेळा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी 55 फुटांच्या वर गेली. तिथली धोका पातळी 43 फूट आहे.

हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस आला की कोसळतो, आणि त्यानं ओढ दिली की तापलेल्या जमिनीतली ओल झपाट्यानं उडते. वर्षाचा एकूण पाऊस नेहमीसारखा दिसू शकतो आणि त्याच वर्षात पूर व टंचाई दोन्ही होऊन जातात.

मॉडेल इथंच अडतं. जागतिक हवामान मॉडेलचा एक चौकोन बरेचदा 100 किलोमीटरच्या आसपास असतो. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, मिरजेकडे काहीशेच. पण चौकोनात दोघांची सरासरी होते आणि घाटमाथाच पुसला जातो. म्हणून तो अंदाज खोऱ्याच्या मापाला आणावा लागतो. मग जमीन आधीच किती भिजली आहे, धरणं किती भरली आहेत, हे त्यात घालावं लागतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. ते मॉडेलात नसतील तर खालच्या गावांचा हिशेब चुकलाच. आणि जुलैत पुराच्या पाण्यासाठी धरणात जागा राखावी, तर पुढं पावसानं दडी मारल्यावर उन्हाळा कसा काढायचा? पूर आणि दुष्काळ वेगवेगळ्या टेबलांवर अभ्यासून हा प्रश्न सुटत नाही.

वेगवेगळी मॉडेलं वेगवेगळी उत्तरं देतील. त्यांची सरासरी काढून एकच गुळगुळीत आकडा पुढं करू नका. पंचगंगेकाठच्या चिखली-आंबेवाडीचा शेतकरी म्हशी कधी सोडायच्या, हे बंधाऱ्यावरच्या फुटांवरून ठरवतो. त्याला सांगा, ‘परवा सकाळपर्यंत पाणी 41 ते 46 फुटांदरम्यान जाईल, धोका पातळी ओलांडण्याची शक्यता जास्त.’ एवढ्यावर तो निर्णय घेऊ शकतो. अंदाज चुकला तर दुधाचं नुकसान त्याचं, गोठा बुडाला तरी त्याचाच. दोनदा उगाच घर सोडावं लागलं, की तिसऱ्यांदा तो तुमचं ऐकणार नाही.

म्हणून पूर ओसरला की आपला अंदाज आणि बंधाऱ्यावरची प्रत्यक्ष नोंद शेजारी-शेजारी मांडा, गावाच्या चावडीवर लावा, आणि फरक का पडला ते सांगायला स्वतः जा. लोकांचा विश्वास त्यातून मिळतो. पदवीतून तो आपोआप येत नाही.