लेकरांच्या मरणाला आत्महत्या म्हणू नका
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार लेकरे वर्ध्याजवळ दत्तपूर येथे विषाने मेली. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती सांगितली जाते. २०१७ पासून दर १९ मार्चला अनेकजण त्यांच्यासाठी अन्नत्याग करतात. आम्हीही करतो.

पण आपण म्हणतो, 'कुटुंबाने सामूहिक आत्महत्या केली.' लेकरांनी आत्महत्या केली नव्हती. लेकराने मरण मागितलेले नसते. त्याच्यासाठी ते दुसऱ्याने ठरवलेले असते. हे बोलायला जीभ रेटत नाही, पण बोलले पाहिजे. शब्द चुकला की विचारही चुकतो.

मग असा बाप राक्षस असतो काय? अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ फिलिप रेझनिक यांनी १९६९ साली आईबापांच्या हातून लेकरे मेल्याची १३१ प्रकरणे तपासून मांडली. वेडाचा झटका, नको असलेले मूल, जोडीदारावरचा सूड, मारहाणीत गेलेला जीव, अशी कारणे त्यात होती. पण सर्वांत मोठा गट मायेपोटी मारणाऱ्यांचा निघाला. 'माझ्यामागे याचे हाल होतील' हाच त्यांचा विचार.

हा विचार कुठून येतो? पीक बुडते, भाव पडतो, नोटीस येते. माणसाची झोप उडते, जेवण जात नाही, तो बोलायचा थांबतो. हा आजार आहे. त्यात दहा वाटा असल्या तरी एकच दिसते. सासरी मार आणि माहेरी दार बंद, अशी बाई लेकरू कडेवर घेऊन विहिरीकडे निघते, तिचेही हेच. त्यात आपली जुनी समजूत भर घालते: लेकरू म्हणजे आपलेच, जसे शेत आपले. नाही! शेत आपले असेल. लेकराचा जीव त्याचा स्वतःचा आहे.

दुसरी भीती कर्जाची. कायदा सांगतो, मुलाने स्वतः सही केली नसेल, जामीन राहिला नसेल, तर बापाच्या कर्जासाठी वारशात आलेल्या मालमत्तेपलीकडे त्याच्यावर वसुली नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जाला 'बापाचे ऋण फेडणे पुत्राचा धर्म' हा आधारही कोर्टात चालत नाही. लेकरू कर्जदार नाही. त्याला बाप हवा आहे, माय हवी आहे.

रास्त भावाची लढाई चालूच राहील. पण ती जिंकेपर्यंत लेकरे जगली पाहिजेत. म्हणून गावोगाव एवढे करा. 'माझ्यानंतर लेकरांचे काय' असे कोणी बोलला, तर हसण्यावारी नेऊ नका. त्या रात्री त्याला एकटे सोडू नका. लेकरे चार दिवस मामाकडे, शेजारी ठेवा. फवारणीचे औषध त्याच्या घरातून हलवा, कुलपात ठेवा. १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे, तो लावून द्या आणि डॉक्टरकडे सोबत जा.

आणि त्याला तोंडावर सांगा: तुझ्या लेकरांना हे गाव वाऱ्यावर सोडणार नाही. सांगितले की मग पाळा.