आकडा रुमालाखाली नको

रेडिओजवळ तुमच्या लेकी-सुना बसल्या असतील तर त्यांनाही जवळ बोलवा, कारण आजचं बोलणं त्यांच्या कामाचं आहे.

आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या मुली आता शिकून नोकरीला लागताहेत. कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत, कुणी मिरजेच्या दवाखान्यात, कुणी कराडला दुकानात हिशेबाला, कुणी शिरवळच्या कंपनीत. मुलाखत होते, निवड झाल्याचा फोन येतो. पलीकडून सांगतात, "बारा हजार पगार आहे, कधीपासून येता?" आणि मुलगी म्हणते, "सोमवारपासून येते." या दोन वाक्यांच्या मध्ये जे बोलायचं राहून जातं, त्याबद्दल आज बोलू.

भाव करायला आपण बायका काही कमी नाही. आठवडी बाजारात मेथीच्या जुडीचे दोन रुपये आपण सोडत नाही. पण पगाराचा विषय निघाला की तोंड मिटतं. घरातूनही सांगणं असतं, "मिळतंय ते गप घे पोरी, जास्त बोललीस तर तेही जाईल."

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची जुनी रीत तुम्हाला माहीत आहे. शेजारच्याला आकडा कळू नये म्हणून तो रुमाल. पण तिथं निदान घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला भाव पक्का ठाऊक असतो. नोकरीत आपल्या मुलीला बारा हजार म्हणजे हातात किती, हेच माहीत नसतं. म्हणून आधी हिशेब करू.

समजा पगार १२,००० रुपये आहे आणि सगळ्यावर पीएफ लागतो. तिचे १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये कापले जातील. ईएसआयचे पाऊण टक्का, म्हणजे ९० रुपये. हातात राहिले १०,४७०. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी जाऊन-येऊन रोजचे ४० रुपये धरले तर २६ दिवसांचे १,०४० झाले. उरले ९,४३०. दिवसाला साधारण ३६३ रुपये. २०२५-२६ मध्ये आपल्या राज्यात रोजगार हमीचा रोज ३१२ रुपये होता. पंधरा वर्षं शिकलेल्या मुलीच्या आणि त्या रोजाच्या मध्ये पन्नास रुपयांचं अंतर. हे कागदावर मांडलं की मागायचं धाडस आपोआप येतं.

पीएफ कापला म्हणून मात्र घाबरू नका. तेवढीच रक्कम मालकालाही भरावी लागते आणि ते पैसे तिचेच असतात. ईएसआयमुळे आजारपणात उपचार मिळतात, बाळंतपणाच्या रजेत पैसे मिळतात. विचारायचं ते एवढंच: "मालकाचा पीएफचा वाटा या बारा हजारांच्या आत धरलाय की बाहेर?" आत धरला असेल तर हातात आणखी कमी येणार. आणि एक लक्षात ठेवा. महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर माफ आहे. पगाराच्या चिठ्ठीत प्रोफेशनल टॅक्स म्हणून २०० रुपये कापलेले दिसले तर विचारा.

दुसरी तयारी किमान वेतनाची. सरकारने उद्योगानुसार आणि भागानुसार हे दर ठरवलेले असतात आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. आपल्या कामाचा आजचा दर साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात विचारता येतो. त्याच्या खाली कुणी पगार सांगत असेल तर तिथं घासाघीस करायचीच नाही, तो हक्कच आहे. घासाघीस सुरू होते ती त्याच्या वर. आणि एकाच कामाला बाई म्हणून कमी पगार देता येत नाही, हा कायदा १९७६ पासून आहे.

आता बोलायचं कसं? फोनवर लगेच हो म्हणायचं नाही. म्हणायचं, "सर, निवड केलीत, आनंद झाला. मला काम करायचं आहे. पगाराचा तपशील कळवाल का? उद्या दुपारपर्यंत मी नक्की सांगते." एका दिवसाने चांगल्या ठिकाणची नोकरी जात नाही. दुसऱ्या दिवशी हिशेब समोर ठेवून बोलायचं, "मला टॅली येतं, एक वर्ष कामाचा अनुभव आहे, साडेतेरा हजार मिळावेत अशी माझी अपेक्षा आहे." आकडा आपण सांगायचा आणि मग गप्प बसायचं. "बघा, तुम्हाला जमेल तसं" हे वाक्य तर बोलायचंच नाही. घरची अडचणही सांगत बसायची नाही. वडिलांचं कर्ज, भावाची फी, हे पगार वाढवायचं कारण होत नाही. आपलं काम हे कारण.

साहेब नाही म्हणाले तर? म्हणू शकतात. आमच्या गटातल्या एका काकूंच्या मुलीला एका खासगी दवाखान्याने पगार वाढवून द्यायला नकार दिला. ती उठून आली नाही. तिने विचारलं, "मग सहा महिन्यांनी किती वाढवाल, ते पत्रात लिहून द्याल का? आणि माझी ड्यूटी शेवटच्या एसटीच्या आधी संपेल का?" दोन्ही गोष्टी लिहून मिळाल्या. गावाकडच्या मुलीला शेवटची गाडी चुकली तर नोकरी टिकत नाही, हे काकूंना पक्कं माहीत होतं. तेव्हा पैसे नाही वाढले तर वेळ मागा, सुट्टी मागा, वाढीची तारीख मागा. आणि जे ठरेल ते नियुक्तीपत्रात लिहून घ्या. शाळा-कॉलेजची मूळ कागदपत्रं मात्र कुणाच्या ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या.

हजार-पाचशेने काय होतंय, असं वाटत असेल तर गटाची वही काढा. महिन्याला हजार म्हणजे वर्षाला १२,०००. दरमहा शंभर रुपये भरणाऱ्या दहा बायकांची वर्षाची बचत तेवढीच होते. शिवाय पुढची वाढ आधीच्या पगारावर मोजतात. सुरुवातीला सोडलेले हजार दरवर्षी सुटत राहतात.

मैत्रिणींनो, ऊसतोडीच्या हंगामात आपल्या रानात येणारी जोडपी बघा. नवरा-बायको दोघं मिळून एक 'कोयता'. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. जानेवारी २०२४ मध्ये संघटनांनी बोलणी करून तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळवली, हे मोठंच काम. पण त्या कोयत्यात बाईचे किती, हे वेगळं मोजलेलं नाही. जे मोजलं नाही ते ती मागणार कसं?

याच्या उलट रोजगार हमी बघा. १९६५ साली आपल्याच तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तिचा प्रयोग झाला, १९७७ ला कायदा झाला. तिथं दर जाहीर असतो आणि बाई-पुरुषांना तोच. मुकादमाकडे कुणाला कुजबुजत विचारावं लागत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करा. गटाच्या वहीत एक पान पगाराचं ठेवा. नाव लिहू नका, कंपनीही लिहू नका. फक्त काम, गाव, वर्ष आणि हातात येणारा पगार लिहा. हिशेबनीस, नर्स, पॅकिंग, बेदाण्याची प्रतवारी, जे असेल ते. चार गटांची पानं एकत्र केली की कुठल्या कामाला कुठं काय मिळतं ते दिसेल. मग कुणाच्या मुलीला फोन आला तर तिनं आधी ते पान बघावं आणि नंतर उत्तर द्यावं.

आजच्यापुरतं एवढंच. पान भरलं की आम्हाला कळवा.