गिरणगावाने स्वतःची साक्ष नोंदवावी



 

मुंबईत वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. १९२० च्या दशकातल्या त्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या वाढल्या. नवं घर ही रहिवाशांची रास्त मागणी आहे. सामायिक संडासांचं गुणगान बाहेरच्यांनी करू नये. पण चाळ रिकामी झाली की शेजार पांगतो. ‘नाही गं, तसं नव्हतं ते’ असं म्हणणारी शेजारीणच मग जवळ उरत नाही. म्हणून आठवणी नोंदवण्याचं काम आत्ताच व्हावं, आणि रहिवाशांनीच करावं.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांच्या मुलाखतींतून गिरणगावाचा मौखिक इतिहास उभा केला. २००४ साली आलेला तो ग्रंथ आपल्यासाठी मोठा आधार आहे. तरीही चारचौघांत गिरणगावाचा विषय निघाला की गाडी १८ जानेवारी १९८२ वर, कामगार नेते दत्ता सामंतांवर आणि गिरणी संपावर येऊन थांबते. संपाआधीच्या साध्या दिवसांबद्दल कुणी विचारत नाही. एका गावच्या गड्यांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीत पहिल्या पाळीचा गडी कामाला निघाला की त्याच्या जागेवर रात्रपाळी करून आलेला आडवा व्हायचा. ट्रंक कुणाची कुठे ठेवायची, गणपतीला गावी कुणी जायचं, बदली कामगाराने भाड्याचा वाटा कधी द्यायचा, हे ठरत कसं होतं? ‘इतिहास सांगा’ म्हटलं की म्हातारा माणूस भाषण देतो. ट्रंकेबद्दल विचारा, तो बोलू लागेल.

आणि बायकांना विचारा. खानावळवाली पगार होईपर्यंत वाण्याकडून उधारीवर किराणा भरायची आणि दोन्ही वेळा डझनभर माणसं जेवू घालायची. अशाच बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. संप लांबला, जेवणारे गावी गेले, तेव्हा वाण्याचं देणं खानावळवालीने कसं फेडलं? याचं उत्तर तिच्याचकडे आहे. ती बोलत असताना घरातले पुरुष मध्येच ‘तसं नाही, मी सांगतो’ म्हणतात. त्यांना नम्रपणे बाहेर बसवा.

आता अवघड भाग. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली, दलित वस्तीवर हल्ले झाले. त्या दिवसांची आठवण एका चाळीत एक निघेल, पलीकडच्या चाळीत दुसरी. चाळीची अब्रू जाईल म्हणून त्या आठवणी गाळू नका, गोडीगुलाबीने जुळवूही नका. चुकीची आठवणही बरंच सांगून जाते. इटलीतल्या तेर्नी शहरात लुईजी त्रास्तुल्ली हा पोलाद कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तिथल्या लोकांना बोलतं केलं, तेव्हा अनेकांनी तो मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीच्या वेळचा म्हणून सांगितला. पोर्तेल्लींनी ती चूक खोडली नाही. कपातीचा घाव किती खोल होता, हे त्यांना त्या चुकीच्या सालातच दिसलं. आपणही साल तपासून शेजारी लिहावं, माणसाचं बोलणं मात्र तसंच ठेवावं. मालवणीत बोलला तर मालवणीत.

मोबाइल आज प्रत्येकाच्या खिशात आहे. पंखा आणि टीव्ही बंद करा, एवढं तंत्र पुरे. सांगणाऱ्याची परवानगी आधी घ्या. रेकॉर्डिंगची एक प्रत त्याच्या घरी, एक चाळीच्या मंडळात आणि एक ग्रंथालयात ठेवा. त्याने ‘हे कुणाला ऐकवू नका’ म्हटलं तर ते पाळा.

ज्यांच्या चाळीत अजून माणसं राहत आहेत, त्यांना माझी विनंती आहे: येत्या रविवारी आपल्या मजल्यावरच्या सर्वांत वयस्कर बाईपासून सुरुवात करा.