मूल वाचले, पुढे काय?

नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत दोन वर्षांच्या आतल्या एका बालकाला त्याच्या वडिलांच्या यकृताचा तुकडा बसविण्यात आला. पित्तनलिकांच्या जन्मजात दोषामुळे त्याचे स्वतःचे यकृत निकामी झाले होते. लहान मुलावरचे भारतातील हे पहिले यशस्वी यकृतरोपण. ते बालक पुढे स्वतःच डॉक्टर झाले! आज अशी मुले मुंबई-पुण्याच्या शाळांतही बसतात. तेव्हा मूल वाचले का, एवढेच विचारून भागत नाही. ते जगते कसे, हेही पाहावयास हवे.

पहिली गोष्ट औषधाची. परका अवयव शरीर ओळखते नि त्यावर चालून जाते. त्याला आवरण्यासाठी टॅक्रोलिमससारखे औषध, बहुधा दर बारा तासांनी आणि बहुतेकांना जन्मभर. मग लग्नाची पंगत असो की एस.टी.चा प्रवास. औषध कमी पडले तर अवयव धोक्यात, जास्त झाले तर मूत्रपिंडाला इजा. म्हणून वरचेवर रक्त तपासायचे. गोवर, कांजिण्यांच्या लसींत जिवंत विषाणू असतात. रोपणानंतर त्या सहसा देत नाहीत. म्हणजे शेजारच्या बाकावरच्या मुलाने लस घेतली, तर राखण याचीही होते. वर्गात कांजिण्या निघाल्या, तर बाईंनी त्याच दिवशी याच्या घरी कळवावे. वेळेत कळले तर डॉक्टरांना उपाय करता येतो.

आता थोडी गंमत सांगतो. मुलाचे कसे चालले आहे हे पाहण्यासाठी प्रश्नावली असते : धावता येते का, मित्र चिडवतात का, शाळा बुडते का? तेच प्रश्न आईबापांनाही वेगळे विचारतात, आणि उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. मूल म्हणते, “मी बरा आहे.” आई म्हणते, “कुठला बरा!” आईच्या भीतीला मी हसत नाही, तिने रात्री काढलेल्या असतात. पण पोटावर मार बसेल असे खेळ डॉक्टरांना विचारून टाळले, की बाकीच्या धावपळीला मना कशासाठी? अवयवरोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९७८ पासून भरत आहेत. अभ्यासात मात्र ही मुले कधीकधी खरोखरच मागे पडतात. तिथे शिक्षकांनी थोडा धीर धरावा.

सर्वांत अवघड वय तेरा-चौदाच्या पुढचे. तोवर गोळ्यांची डबी आईच्या हाती, मग एके दिवशी, “आता तू मोठी झालीस, तुझं तू बघ!” स्टेरॉइडने चेहरा सुजलेला, मैत्रिणी हसतात, आणि गोळी हळूच खिडकीबाहेर जाते. वर्षानुवर्षे नीट चाललेला अवयव या वयात गमावला जातो, तो पुष्कळदा अशाच चुकलेल्या गोळ्यांमुळे.

म्हणून डबी हळूहळू सोपवावी. नऊ-दहाव्या वर्षी मुलीला औषधाचे नाव पाठ हवे. बाराव्या वर्षी आठवड्याची डबी तिने भरावी, आईने नुसते पाहावे. पुढे डॉक्टरांशी काही वेळ तिने एकटीने बोलावे. आई दहा मिनिटे बाहेरच्या बाकावर बसली तरी चालेल.