शिकण्याचा हप्ता

समोर बसून मलाच मोबाइलवर शूट करणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

धावंडा नदीच्या काठी, घंटीबाबांच्या या दिग्रसमध्ये आपलं मनापासून स्वागत. पुसद, दारव्हा, आर्णी, उमरखेडहून आपण एसटीनं, मोटरसायकलीनं आलात. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेची वाट आम्ही वर्षानुवर्षं पाहतो आहोत. पुढचं संमेलन होईस्तोवर गाडी आली तर स्टेशनवर घ्यायला मी स्वतः येईन. दुपारी वरण-रोडगे अन् वांग्याची भाजी आहे. रोडगे थांबत नाहीत, त्यामुळे मलाही लांबवता येणार नाही.

स्वागताध्यक्ष म्हणजे मांडवाच्या खर्चाचा आणि पहिल्या भाषणाचा धनी. दुसरं काम मला जड जातं. १९८८ पासून मी गावात फोटो स्टुडिओ चालवतो, आणि फोटोवाल्याला बोलण्यापेक्षा ‘मान थोडी वर, हसा’ एवढंच म्हणायची सवय असते. तरीही एक गोष्ट सांगतो, कारण ती मला कुणी वेळेवर सांगितली नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या डोक्यावर कॅमेऱ्याचा हप्ता आहे. कुणाच्या ड्रोनचा, कुणाच्या लॅपटॉपचा. तो चुकला तर फायनान्सवाला दारात येतो, म्हणून तो चुकत नाही. शिकण्याच्या हप्त्यासाठी मात्र दारात कुणी येत नाही. तो थकत जातो आणि दहा वर्षांनी एकदम वसूल होतो. माझा तसाच झाला. व्हीएचएसच्या काळात दोन व्हीसीआर जोडून मी लग्नाच्या कॅसेट जुळवायचो आणि त्यात माझा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. संगणकावर एडिटिंग सुरू झालं तेव्हा मी म्हणालो, ही मुंबईची थेरं आहेत, दिग्रसला कोण विचारतो! सलग दोन सीझन माझी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. मग मुलाच्या वयाच्या पोराशेजारी स्टुलावर बसून माऊस धरायला शिकलो. धंदा कसाबसा सावरला. ते दोन सीझन काही परत आले नाहीत.

त्याच सुमारास गावातल्या एका बोर्ड पेंटरवर तीच वेळ आली होती. दुकानांच्या पाट्या, लॉरीच्या मागची अक्षरं, सगळं त्याच्या ब्रशातून उतरलेलं. फ्लेक्स आलं आणि काम थांबलं. हा गडी गुपचूप फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसू लागला. कोरलड्रॉ त्याला येत नव्हतं, पण पडद्यावरची अक्षरं कुठे चेंगरली आहेत हे त्याला लांबूनही दिसायचं. तो तिथल्या पोराला सांगायचा, ‘वेलांटी थोडी सरकव.’ वर्षभरात स्वतः माऊस चालवू लागला, आणि लोक फ्लेक्सवाल्याला सांगू लागले, ‘आमचं पेंटरभाऊंकडूनच करून द्या.’ त्याची जुनी विद्या वाया गेली नाही, कारण नवी तिच्या शेजारी जाऊन बसली. मी त्याच्याहून शिकलेला, पण अकड जास्त.

आपल्या धंद्याचे मूळपुरुष दादासाहेब फाळके. मे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, हे पाठ्यपुस्तकात असतं. त्याआधीचा हिशेब पाहा. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश, मग बडोद्याचं कलाभवन. रतलामला जाऊन तीनरंगी ब्लॉक बनवण्याचं काम शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, जादूचे प्रयोग केले, १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नकाशे काढण्याची नोकरी धरली, १९०९ मध्ये छपाईसाठी जर्मनी गाठली. १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले आणि १ एप्रिलला परतही आले. बोटीचा प्रवास धरून दोन महिने! एवढ्यात सिनेमा शिकता येतो का? त्यांना आला, कारण डार्करूम, रेषा, रंग, छपाई आणि प्रेक्षकाला चकवण्याची जादू, एवढी सामग्री पंचवीस वर्षं आधीच गोळा झालेली होती. लंडनला फक्त विरजण लागलं.

आता कुणी म्हणेल, फाळक्यांचा काळ वेगळा, आम्हाला वेळ कुठे आहे? वेळ आहे राजेहो, आणि तो आपल्या पंचांगातच आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत आपले कॅमेरे बॅगेत झोपतात आणि आपण पानठेल्यावर. आपल्या आया-आज्या चातुर्मासात एखादा नेम धरत. कुणी कांदा-लसूण सोडायचं, कुणी पोथी लावायचं. तुम्ही दर चातुर्मासाला एक विद्या धरा. एकच. सीझनच्या कमाईतून तिचा पैसा आधीच बाजूला काढा, लेन्स नंतर घ्या. आणि हे पहिल्या चार-पाच वर्षांतच करा. नाव झालं की चातुर्मासातही फोन वाजत राहतो. शिवाय गिऱ्हाइकांसमोर ‘मला हे येत नाही’ म्हणायची लाज वाटू लागते.

कोणती विद्या ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात कच्चा आहे तो आवाज. चित्र फोर-के आणि वधूपित्याचं बोलणं पंख्याच्या घरघरीत बुडालेलं. त्याखालोखाल कायदा. लग्नाचे फोटो तुम्ही काढलेत म्हणून ते तुमचेच, असं तुम्हाला वाटतं. १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो. नवरीचा फोटो स्वतःच्या जाहिरातीत टाकण्याआधी तिच्याकडून कागदावर लिहून घ्या. दोन ओळींचा करार मराठीत लिहिता येणं, हीसुद्धा विद्याच आहे. ड्रोनवाल्यांनीही ऐकावं: २०२१ च्या नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ड्रोन वगळता धंद्यासाठी उडवणाऱ्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ‘इथं कोण पाहतो’ हे मी एकदा म्हणून बसलो आहे, त्याची किंमत मघाशी सांगितली.

आणि घरचं सोडू नका. पोहरादेवी इथून जवळच. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे बंजारा विरासत संग्रहालय उघडलं. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी गोरमाटी बोलली जाते, होळीला लेंगी गायली जाते. ती नीट ध्वनिमुद्रित करून खाली अचूक मराठी ओळी देणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. हे काम पुण्या-मुंबईचा माणूस तुमच्याहून चांगलं करू शकणार नाही.

बाहेर जायचं तर अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, आणि पुण्याच्या एफटीआयआयनं २०१७ पासून छोटे अभ्यासक्रम देशभर न्यायला सुरुवात केली आहे. जमेल त्यानं जावं. ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी माझ्या स्टुडिओचा वरचा हॉल आहे. येत्या आषाढीनंतर दर रविवारी सकाळी दहाला तो उघडा राहील. फी नाही, चहा आपापला. पहिल्या रविवारचा विषय आवाज. त्या दिवशी कॅमेरा घरी ठेवा, फक्त हेडफोन घेऊन या. आणि हो, शिकवायला मी नाही. मीही समोरच्या सतरंजीवर असेन.

स्वयंपाकघरातून खूण झाली आहे. उद्घाटकांना विनंती करतो, त्यांनी सूत्रं हाती घ्यावीत.