डब्याचा शोध आणि नदीचा शोध



जिओकॅशिंग नावाचा एक खेळ आहे. कोणी रानात डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. इतरांनी उपग्रहांच्या साहाय्याने तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचे आणि डबा जागच्या जागी ठेवायचा. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रह-संकेतांतील मुद्दाम ठेवलेली अचूकतेची उणीव काढली, आणि लगेच ऑरेगन राज्यात पहिला डबा ठेवला गेला.

हा खेळ खेळत जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूबकाठी गेलात, तर एक नवल दिसेल. तिथला खडक चुनखडीचा. पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्याने त्यात भेगा व भुयारे कोरलेली. वर्षातील बरेच दिवस अख्खी नदी पात्रातच गडप होते. पुढे नुसते कोरडे गोटे! हातातले यंत्र तुम्ही कुठे उभे आहात ते सांगेल, पाणी कुठे गेले ते नाही.

खालच्या गावांना त्या भेगा बुजवायच्या होत्या. आख नदीवरील कारखानदारांना मात्र धास्ती, आपले पाणी तुटेल. तेव्हा १८७७ साली प्राध्यापक क्नोप यांनी भेगांत १० किलो रंग, २० टन मीठ आणि खनिज तेलही ओतवले. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरील आख झरा हिरवा, खारट झाला! काळ्या समुद्राकडे निघालेले पाणी ऱ्हाइनला मिळत होते.

डबा शोधण्यात मौज आहेच. पण तो कोणीतरी ठेवलेला असतो. क्नोप यांच्यासाठी उत्तर कोणी ठेवले नव्हते, म्हणून मला त्यांचा शोध अधिक मोलाचा वाटतो. पाण्याची वाट कळली, वाटणीचा तंटा मात्र राहिलाच. १९२७ साली तो न्यायालयात गेला.