वाळूवरच्या शर्यती आणि अंदाजाचे गणित

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत आणि पावसाळ्यात पुण्यास, ज्यांचे येणेजाणे आहे, त्यांच्या कानावर एक प्रश्न हमखास पडतो : "काय, आज कोण येणार?" विचारणाऱ्याला घोड्याचे नाव हवे असते, कारण नको असते. आज मी नाव सांगणार नाही. नाव काढावयाचे कसे, ते मात्र सांगेन, आणि त्यासाठी तुम्हांला आपल्या हिरवळीवरून उचलून थेट इंग्लंडच्या कडाक्याच्या हिवाळ्यात नेणार आहे. तिथे संध्याकाळी चारलाच अंधार पडतो, अन् विजेच्या झोतात, काळपट वाळूवर घोडे धावतात. या शर्यतींना तिकडे 'ऑल-वेदर' म्हणतात. आपण त्यांना बारमाही शर्यती म्हणू.

इतक्या दूर जाण्याचे कारण असे की, अंदाज बांधण्याची कला शिकायला याहून चांगली शाळा नाही. हिरवळीवर पाऊस पडला की सगळे गणित फिरते. पुण्यात पावसाळ्यात जमीन किती मऊ आहे ते मोजायला पेनेट्रोमीटर नावाचे यंत्र जमिनीत खुपसून आकडा जाहीर करतात, आणि तो आकडा पाहून चांगले चांगले जाणकार डोके खाजवीत बसतात. वाळूवर हा गोंधळ पुष्कळ कमी. शिवाय तेच घोडे, तेच जॉकी, त्याच मैदानावर दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा भेटतात. म्हणजे पुरावा भरपूर, आणि तो परस्परांशी ताडून पाहता येतो.

या शर्यतींचा जन्म गरजेतून झाला. हिवाळ्यात बर्फाने, दंवाने मैदाने गोठायची, शर्यती रद्द व्हायच्या. घोडे तबेल्यात खात उभे, आणि बुकींची दुकाने रिकामी! तेव्हा ३० ऑक्टोबर १९८९ रोजी लिंगफील्ड येथे वाळूच्या मार्गावर पहिली शर्यत झाली. पाठोपाठ त्याच वर्षी साउथवेल सुरू झाले. १९९३ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन आले, २००६ मध्ये केम्प्टन, २०१६ मध्ये न्यूकॅसल. ग्रेट लीज नावाचे मैदान २००८ मध्ये उघडून वर्षभरातच बंद पडले आणि २०१५ मध्ये चेम्सफर्ड सिटी या नव्या नावाने पुन्हा उभे राहिले. आयर्लंडात डंडॉक येथे २००७ पासून असा मार्ग आहे. 'बारमाही' हे नाव थोडे फुशारकीचेच म्हणायचे. दाट धुके पडले किंवा फारच बर्फ साचला तर इथलीही शर्यत रद्द होते.

आता वाळू म्हणजे आपल्या चौपाटीची वाळू नव्हे. तिच्यात कृत्रिम धागे मिसळतात, मेणाचा लेप देतात, काही ठिकाणी रबराचे तुकडेही घालतात. पाणी खाली झिरपून जाते आणि वरचा थर बसून राहतो. पॉलिट्रॅक आणि टॅपेटा ही त्यांतली आज प्रचलित असलेली दोन नावे. टॅपेटा तयार केला मायकेल डिकिन्सन या ट्रेनरने. १९८३ च्या चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये पहिले पाचही घोडे ज्याचे आले, तोच हा गृहस्थ. साउथवेलला पूर्वी फायबरसँड नावाची जड, खोल वाळू होती. पुढच्या घोड्याच्या टापांनी उडालेला तिचा मारा मागच्या घोड्याच्या तोंडावर बसे. पुष्कळ घोडे तो मारा खाऊन धावायलाच नाखूष होत, तर काही बहाद्दर केवळ त्याच मैदानावर जिंकत आणि दुसरीकडे शेवटचे येत. २०२१ मध्ये तिथे टॅपेटा घातला, आणि एका रात्रीत जुन्या सर्व नोंदी बाद झाल्या. मार्ग बदलल्याची तारीख न पाहता जो साउथवेलचा जुना विक्रम दाखवून टिप देतो, तो तुम्हांला रद्द झालेले तिकीट विकतो आहे असे समजा.

पृष्ठभागाचा हा फरक किती निर्णायक असतो, त्याचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. तिथल्या मोठ्या शर्यती मातीवर होतात. पण २००८ ची ब्रीडर्स कप क्लासिक कॅलिफोर्नियात सँटा अनीटा येथे कृत्रिम मार्गावर झाली. सगळ्यांचा आवडता होता मातीवरचा राजा कर्लिन. जिंकला इंग्लंडहून गेलेला रेव्हन्स पास, दुसरा आला आयर्लंडचा हेन्रीदनॅव्हिगेटर. दोघेही हिरवळीचे घोडे. कर्लिन चौथा. कर्लिन काही एका दिवसात म्हातारा झाला नव्हता, त्याच्या पायांखालची जमीन बदलली होती. कृत्रिम मार्गावर हिरवळीचा घोडा पुष्कळदा निभावतो. मातीच्या घोड्याचा भरवसा कमी. पण हाही नियम डोळे मिटून लावू नये. २०११ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम नावाचा घोडा पॉलिट्रॅकवरची शर्यत जिंकून केंटकी डर्बीला आला. मातीवर तो त्यापूर्वी एकदाही शर्यत धावलेला नव्हता, आणि डर्बी मारून गेला!

आणि वाळूवर धावतात ते सगळे उतरत्या कळेचे घोडे, हीही एक समजूत. संख्येने साध्या दर्जाच्या शर्यती जास्त, हे खरे. परंतु एनेबल ही घोडी, जिने पुढे २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षे पॅरिसची आर्क शर्यत जिंकली, ती आयुष्यातली पहिली शर्यत धावली नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यूकॅसलच्या टॅपेटावर. आणि २०१८ ची आर्क मारण्यापूर्वी त्या वर्षी ती एकदाच धावली, तीही केम्प्टनच्या पॉलिट्रॅकवर. २०१४ पासून गुड फ्रायडेला या शर्यतींचा अंतिम सोहळाही होतो. आधी लिंगफील्डला होई, २०२२ पासून न्यूकॅसलला.

असो. आता मुख्य कामाला लागू.

शर्यतीचा कार्यक्रम हाती आला की पहिली नजर मैदानावर टाका, घोड्यांवर नको. केम्प्टन उजव्या हाताने वळते, बाकीची इंग्लिश वाळूची मैदाने डाव्या हाताने. लिंगफील्डला शेवटच्या वळणाकडे उतार आहे आणि त्यापुढची सरळ वाट आखूड. म्हणून तिथे सुरुवात रेंगाळत होते आणि शेवटी एकदम झुंबड उडते. मागे राहिलेल्याला वाट मिळेलच असे नाही. न्यूकॅसलला उलट. तिथे सबंध एक मैलाची सरळ धाव आहे. घाईने पुढे गेलेल्याची दमछाक होते आणि धीर धरून मागे बसलेला घोडा अखेरीस मुसंडी मारतो. एकच घोडा, एकच जॉकी, पण लिंगफील्डला पहिला आणि न्यूकॅसलला सातवा, असे का होते, याचे उत्तर बहुधा घोड्यात सापडत नाही.

दुसरी गोष्ट ड्रॉ, म्हणजे घोडा कोणत्या क्रमांकाच्या कप्प्यातून सुटणार. याविषयी पुष्कळ भोंदू बोलणे चालते, म्हणून मी सरळ शाळेतली भूमिती मांडतो. अर्धवर्तुळाकार वळणावर आतल्या कठड्यापासून एक मीटर बाहेरून धावणाऱ्याला सुमारे तीन मीटर अंतर जास्त पडते. दोन घोड्यांमध्ये मीटरभर जागा धरा. तीन घोड्यांच्या बाहेरून जो वळला, त्याला नऊ मीटर, म्हणजे साडेतीन-पावणेचार घोडालांब्यांचा भुर्दंड. छोट्या अंतराच्या शर्यतीत एक घोडालांबी म्हणजे अडीच-तीन पौंड वजन, असा ठोकताळा आहे. म्हणजे बाहेरून वळलेल्या घोड्याने पाठीवर नऊ-दहा पौंड जास्त वाहिल्यासारखेच झाले की नाही? मागच्या शर्यतीत असा घोडा पाचवा आला असेल आणि आज त्याला आतला कप्पा मिळाला असेल, तर पाचवा हा आकडा खोटे बोलतो आहे.

तिसरी गोष्ट वेग कोण ठरवणार. प्रत्येक घोड्याच्या मागील चार-पाच धावा वाचून खूण करा : हा पुढे राहणारा, हा मधला, हा मागचा. पुढे राहणारा एकटाच असेल, तर तो आरामात वेग ठरवील आणि शेवटी त्याच्याकडे श्वास शिल्लक राहील. तेच तीन असले, तर तिघे एकमेकांना खातील. हे काम दहा मिनिटांचे आहे, पण सगळ्यांत कमी लोक करतात ते हेच.

मग वजन. हँडिकॅपमध्ये अधिकारी प्रत्येक घोड्याला गुणांक देतो आणि एका गुणाला एक पौंड या हिशेबाने वजन ठरते. इंग्लंडात हिरवळीचा आणि वाळूचा गुणांक वेगवेगळा असू शकतो, हे ध्यानात ठेवा. हिरवळीवर चिखलात चार वेळा मागे राहिलेल्या घोड्याचा दोष जमिनीचा असेल, त्याचा नसेल. शिकाऊ जॉकीला सात, पाच किंवा तीन पौंडांची सूट मिळते. पोरगा हुशार असला तर ती सूट म्हणजे फुकटची मिठाई. डोळ्यांना झापडे प्रथमच लावली आहेत का, तेही कार्यक्रमात छापलेले असते. आणि २०१८ पासून श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झाली असल्यास तेही जाहीर करावे लागते. या खुणा वाचाव्यात, पण त्यांच्यावर भाळू नये.

इथवर आलेला माणूस चांगला अंदाज बांधू शकतो. पैसे मात्र तरीही घालवू शकतो. हे जरा कडू आहे, पण सांगितलेच पाहिजे. कारण टिप देणाऱ्याचे काही जात नाही, जाते ते ऐकणाऱ्याचे, आणि पुष्कळदा पहिल्या तारखेच्या पगारातून जाते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरविले आहे. ठीक आहे. पण कौशल्य घोडा ओळखण्यात जेवढे, तेवढेच भाव ओळखण्यात आहे. चारास एक भाव म्हणजे बुकीच्या मते पाचांत एक, शेकडा वीस संधी. शर्यतीतल्या सगळ्या घोड्यांच्या भावांचे असे शेकडे करून बेरीज घ्या. ती शंभर कधीच येत नाही, एकशे दहा, एकशे अठरा अशी येते. वरचे अठरा बुकीच्या घरचे. म्हणजे काहीही न कळता दररोज खेळणारा माणूस संथपणे, पण नक्की बुडतो. सर्वांत आवडता घोडा सुमारे एक-तृतीयांश शर्यती जिंकतो, हे ऐकून पुष्कळांना धीर येतो. पण भाव इतका आखडलेला असतो की त्या धीराने खिसा भरत नाही.

आता एक कल्पित शर्यत घेऊ. वुल्व्हरहॅम्प्टन, सहा फर्लांग, दहा घोडे. पहिला घोडा लागोपाठ दोन शर्यती लिंगफील्डला पुढे राहून जिंकलेला. भाव दोनास तीन, म्हणजे दोन लावले तर तीन फायदा. वर्तमानपत्रे त्याचेच नाव छापतात. पण आज त्याला दहावा कप्पा आहे, आणि दोन व चार क्रमांकांतून सुटणारेही पुढेच धावणारे आहेत. त्याला एक तर त्यांच्याबरोबर दमावे लागेल, नाहीतर बाहेरून वळावे लागेल. भाव म्हणतो शेकडा चाळीस. मी म्हणेन तीस. दुसरा एक घोडा, याच मैदानावर दोनदा जिंकलेला, मागच्या दोन शर्यती हिरवळीवर, ओल्या जमिनीत, दोन्हींत मागे. गुणांक पूर्वी ७२ होता, आज ६४. कप्पा तिसरा, धाव मध्यभागातून, वर पाच पौंड सूट असलेला शिकाऊ पोरगा. भाव आठास एक, म्हणजे शेकडा अकरा. माझ्या हिशेबाने सोळाच्या आसपास.

माझी टिप हा दुसरा घोडा. आणि लक्षात घ्या, सहा वेळा असा घोडा धावला तर पाच वेळा तो हरणार आहे, हे मला टिप देतानाच ठाऊक आहे. ज्याला ते सोसत नाही त्याने शर्यत नुसती पाहावी; झोताच्या उजेडात उडणारी वाळू आणि वळणावरची गर्दी पाहायला पैसे लावावे लागत नाहीत.

एवढ्यात एक गोष्ट राहिली. शर्यतीपूर्वी पाच मिनिटे पुन्हा फलक पाहावा. दुसऱ्या किंवा चौथ्या कप्प्यातला घोडा काढून घेतला असेल, तर पुढे एकच प्रतिस्पर्धी उरतो, आवडत्याचे काम सोपे होते, आणि आपला हिशेब पुन्हा मांडावा लागतो. आणि आठास एकचा भाव उतरून पाचास एक झाला असेल, तर तो शेकडा सोळाच्याही वर गेला. घोडा तोच आहे, चांगलाही आहे. पण त्या भावाला मी त्याच्यावर एक पैही लावणार नाही.